गर्भिणींचा पांडुरोग आणि मुंबईंतील एक शोध

पांडुरोग हा शब्द आयुर्वेदाइतका जुना आहे. परंतु गर्भारपणांत जडणाऱ्या एका घातक पांडुरोगावरील उतारा मुंबईंतील संशोधनांतून हातीं आला, ही गोष्ट मुंबई-ठाण्याच्या लोकांसही फारशी ठाऊक नाहीं. या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटतात आणि आकारानें मात्र वाढतात. अशा मातेस प्रसूतीचा ताण पुष्कळदां सोसत नसे.

१९२८ सालीं डॉ. लुसी विल्स या इंग्रज विदुषी या रोगाचें कारण शोधण्यासाठीं मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेचें साह्य त्यांना लाभलें. आरंभीं जंतूंचा संशय घेतला गेला. तो फोल ठरला. मग तळपदे यांच्यासमवेत त्यांनीं मुंबईंतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ती १९३० सालीं प्रसिद्ध झाली. रोगाचें प्रमाण गरीब मुसलमान स्त्रियांत अधिक होतें, आणि त्यांचा आहार निकृष्ट होता. या शोधाचें श्रेय प्रयोगशाळेइतकेंच, किंबहुना कांकणभर अधिकच, त्या चुलींपर्यंत जाऊन केलेल्या चौकशीस द्यावें लागेल.

तसाच आहार माकडांना दिला असतां त्यांनाही पांडुरोग जडला. त्यावर गुण आला तो मार्माइटचा, म्हणजे बियरच्या भट्टींत उरणाऱ्या यीस्टच्या काळ्या, खारट अर्काचा! तोच गुण रुग्ण स्त्रियांनाही आला. १९३१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें हें प्रसिद्ध झालें, तथापि अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें कोणासच सांगतां येईना. तें केवळ ‘विल्स घटक’ म्हणून ओळखलें जाई.

पुढें १९४१ सालीं टेक्सास विद्यापीठांत मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनीं चार टन पालकांतून एक द्रव्य वेगळें काढलें आणि पानाच्या लॅटिन नांवावरून त्यास फोलिक आम्ल म्हटलें. १९४५ सालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें सिद्ध झालें. तेथील संशोधनाचीं सूत्रें येल्लाप्रगड सुब्बाराव या आंध्रपुत्राच्या हातीं होतीं. ग्लुटामिक आम्ल हें ॲमिनो आम्ल या रेणूच्या एका टोकास जोडलेलें असतें. हें द्रव्य नसेल तर मज्जेंतील पेशी वाढतात, पण त्यांचें विभाजन अडखळतें. ग्लुटामिक आम्लाचेंच दुसरें अपत्य, फॉर्मिमिनोग्लुटामिक आम्ल, अशा वेळीं मूत्रांतून अधिक प्रमाणांत बाहेर पडतें. रुग्णास हिस्टिडीन देऊन तें मोजण्याची कसोटी चयापचयाच्या अभ्यासकांनीं पुढें वापरली.

भारतांत १९७० पासून गर्भिणींना लोहासह फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना आहे. कल्याण-डोंबिवलीच्या सरकारी दवाखान्यांत आज मिळणाऱ्या त्या गोळींत फोलिक आम्ल असतें अवघें अर्धा मिलिग्रॅम.