पाणी नेमकं कुठे मुरतं?

हार्डवेअरच्या दुकानात कधी 'नहाणी ट्रॅप' मागितलाय? बाथरूमच्या कोपऱ्यात जाळीखाली बसणारी ती वाटी. देशभरातल्या प्लंबिंगच्या पुस्तकांत ती याच नावाने येते. बाथरूम, शॉवर, टाइल्स हे सगळे शब्द बाहेरून आले. पाणी जिथून निघून जातं त्या भोकाला मात्र आपल्या न्हाणीचं नाव चिकटून राहिलं. मला हे योग्यच वाटतं. न्हाणीचा सगळा इतिहास एकाच प्रश्नाचा आहे: अंघोळीचं पाणी जायला हवं तिथेच कसं जाईल?

या प्रश्नाचं एक फार जुनं उत्तर मोहेंजोदडोत आहे, चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. तिथल्या महास्नानगृहाचा फोटो तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिला असेल. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल. फोटोत न दिसणारी गोष्ट भिंतीच्या पोटात आहे. जिप्समच्या मसाल्यात घट्ट बसवलेल्या विटा, त्यांच्यामागे नैसर्गिक डांबराचा जाड थर, आणि त्याच्यामागे पुन्हा विटा. आजचा कंत्राटदार ज्याला 'मेम्ब्रेन' म्हणून वेगळे पैसे लावतो, ते हेच.

मला मात्र तिथल्या साध्या घरांतल्या न्हाण्या जास्त आवडतात. फट राहू नये म्हणून घासून जुळवलेल्या विटा, जमिनीला एका बाजूला ढाळ, आणि तिथून भिंतीतून थेट रस्त्याच्या गटारात जाणारी वाट. न्हाणी बहुधा रस्त्याकडच्या भिंतीलाच असे. म्हणजे पाण्याला घरात रेंगाळायला वेळच नको.

पुढचं मोठं पाऊल चुन्याचं. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलं, की ओल येणाऱ्या जागी गिलाव्यात वाळूऐवजी कुटलेली खापरं घाला. आपल्याकडे हीच युक्ती 'सुरखी' म्हणून चालली: भाजक्या विटांची पूड आणि चुना. नुसता चुना हवेवर हळूहळू कडक होतो. पण भाजलेल्या मातीतली सिलिका त्याच्याशी संयोग पावली, की मिश्रण पाण्यातही घट्ट होतं. आपल्या अनेक गडांवर दिसणारे चुन्याचे गोल घाणे याच धंद्यातले.

मग सिमेंट आलं. जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. १९१४ साली पोरबंदरला त्याचा कारखाना सुरू झाला. सिमेंट आणि सळईने घरं वर चढली, आणि इथे न्हाणीची गोष्ट बदलली.

परसातल्या न्हाणीचं पाणी मुरलं, तर अळू आणि केळीच्या मुळाशी जायचं. गळती हा दोष नव्हता, ती बाग होती. चाळीत मोरी खोलीच्या कोपऱ्यात आली. फ्लॅटमध्ये ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर आली.

त्यावर गवंड्यांचा तोडगा म्हणजे ब्रिकबॅट कोबा. स्लॅब मुद्दाम खाली सोडायचा, त्या खड्ड्यात विटांचे तुकडे सिमेंटमध्ये ढाळ धरून बसवायचे, वरून घोटून काढायचं. चांगला केला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण पाईपचा एक सांधा सुटला, की तोच खड्डा टाकी होतो. वरची टाइल कोरडी, आणि आत विटा पाणी पिऊन बसलेल्या. टाइल चकचकीत दिसते म्हणून ती पाणी अडवते असं नाही. पाणी तिच्या सांध्यांतून उतरतं. अडवायचं काम तिच्याखालच्या थराचं. ते पाणी सळईपर्यंत पोचलं, की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि काँक्रीट फुटून पोपडे खाली पडतात.

मी राहतो त्या सोसायटीत दोन कुटुंबांचं बोलणं चार वर्षांपासून बंद आहे. कारण छतावरचा एक पिवळा डाग. आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि संडास-बाथरूमची संबंधित सभासदांनी आपल्या खर्चाने. 'संबंधित' म्हणजे कोण, यावरच आमच्या सभा रात्री अकरापर्यंत चालतात.

मोहेंजोदडोच्या गवंड्याला हा प्रश्न असा पडला नसेल. त्याच्या न्हाणीखाली बहुतेकदा जमीनच होती. आपल्याकडे त्याच्यापेक्षा चांगली रसायनं आहेत, पण आपली चूक मुरते ती दुसऱ्याच्या घरात. म्हणून बाथरूम नवं करणार असाल, तर टाइल लावण्याआधी एक गोष्ट हट्टाने करून घ्या. ट्रॅप बंद करायचा, पाणी भरायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं. कंत्राटदार घाई करेल, करू द्या. निकाल तुमच्या बाथरूममध्ये दिसणार नाही. त्यासाठी एक जिना उतरून खालच्यांची बेल वाजवावी लागेल, आणि त्यांच्या छताकडे दोघांनी मिळून बघावं लागेल.