शहाड-मोहन्याचं रेशीम



चातुर्मासात प्रवचनात रेशमाचा विषय निघाला की सगळ्याजणी हळूच आपापल्या पदराकडे बघतात. आत जिवंत किडा असलेला कोश उकळत्या पाण्यात टाकायचा आणि मग धागा ओढायचा, एका साडीसाठी असे हजारो कोश. हे एकदा नीट ऐकलं की पैठणी अंगावर जड होते. आपल्यातल्या कितीतरी घरांनी त्यावर तोडगा काढला तो आर्ट सिल्कचा. चमक रेशमाची, किंमत कमी आणि किडा मरत नाही. आता त्या नावाखाली पॉलिस्टरही खपतं, पण आपल्या सासवांच्या काळी आर्ट सिल्क म्हणजे रेयॉन, लाकडाच्या लगद्याचा धागा. तो धागा आपल्या टिटवाळ्याच्या अलीकडच्या दोन स्टेशनांवर तयार होत होता. आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सगळ्यांची एनआरसी, आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन. एनआरसीची स्थापना १९४६ ची, सेंच्युरी रेयॉन १९५६ ची. भिवंडी आणि सुरतेच्या मागांना असा धागा भरपूर लागायचा.

लाकडाचा धागा होतो कसा, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी त्याची युक्ती शोधली. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, मुरवायचा आणि मग त्यात कार्बन डायसल्फाइड नावाचा द्रव मिसळायचा. लगदा नारिंगी होतो. तो पुन्हा सौम्य सोड्यात विरघळवला की मधासारखा दाट रस तयार होतो, तोच व्हिस्कोस. हा रस बारीक भोकांच्या तोटीतून गंधकाच्या आम्लात सोडला की शेवयांसारखे तंतू निघतात. गंमत अशी, की धागा तयार झाल्यावर कार्बन डायसल्फाइडचं काम संपतं. त्यातलं बरंचसं धाग्यात न राहता पुन्हा बाहेर पडतं आणि सोबत हायड्रोजन सल्फाइडही निघतो. साडी आपल्या हातात येते तेव्हा तिला कसलाच वास नसतो. तो सगळा कारखान्यात मागे राहिलेला असतो.

पुस्तकं सांगतात की पहिल्याचा वास कुजलेल्या मुळ्यासारखा आणि दुसऱ्याचा सडलेल्या अंड्यासारखा. आपल्याकडे दोन्ही वस्तू घरात येत नाहीत, त्यामुळे तुलना करायची पंचाईतच!

कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांवर उकळतं. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते उघडं राहिलं तर बघता बघता उडून जाईल. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती खाली, माणसाच्या आसपास रेंगाळते. ती काय करते हे रेयॉनच्या आधीपासून ठाऊक होतं. १८५६ मध्ये पॅरिसच्या डेल्पेश नावाच्या डॉक्टरांनी हेच रसायन वापरणाऱ्या रबर कामगारांचं वर्णन लिहून ठेवलं: डोकेदुखी, भ्रमिष्टपणा, हातापायांतली ताकद जाणं. १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेल्समधल्या रेयॉन कामगारांचा अभ्यास छापून आला. धागा काढण्याच्या खात्यातली माणसं हृदयविकाराने जास्त दगावत होती. दक्षिण कोरियात वॉनजिन रेयॉन या कारखान्यात जपानमधून जुनी यंत्रं आणली होती. तिथले शेकडो कामगार या विषाने आजारी झाले आणि १९९३ मध्ये कारखाना बंद पडला. मग तीच यंत्रं चीनला विकली गेली. मला सगळ्यात जास्त ही विक्री टोचते. विष कळलं होतं, माणसं अंथरुणाला खिळली होती, तरी यंत्राला गिऱ्हाईक मिळालं.

आता नव्या कारखान्यांत ही वाफ पकडून पुन्हा वापरतात. त्यात मालकाचाही फायदाच आहे. पण धोका संपलेला नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला शहाडला कार्बन डायसल्फाइडच्या विभागात टँकरचा स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. मोहन्याच्या एनआरसीला २००९ मध्ये टाळं लागलं ते वेगळ्या कारणांनी, आणि कामगार थकलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिले. त्याच २००९ मध्ये देशाच्या हवेची नवी मानकं आली. त्यांत बारा प्रदूषकं आहेत. पेट्रोलच्या धुरातलं बेंझीन त्यांत आलं, वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घालून. आपल्या लाइनीवरचं हे रसायन त्या बारांत नाही.

प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो. यंत्रपीडन, विषवाणिज्य आपल्या तोंडपाठ आहे. माझी समजूत होती की हे धंदा करणाऱ्या पुरुषांसाठी आहे, आपण फक्त म्हणायचं. पण सातवं व्रत मुळात उपभोगाचं. वापरणारीलाही ते लागू आहे. रेशमाचा किडा वाचवला हे चांगलंच केलं, त्यात मी काही मागे घेत नाही. फक्त हिशेबात वायुकाय आणि त्या हवेत श्वास घेणारा पंचेंद्रिय कामगार धरलेला नव्हता.

अशी उडणारी रसायनं घरातही असतात, आणि तीही बहुतेक साड्यांच्याच मागे लागून येतात. डांबरगोळी कपाटात हळूहळू लहान होते, कारण नॅफ्थलीन उडून आपल्या खोलीच्या हवेत मिसळतं. कसर लागू नये म्हणून ती ठेवायची आणि किडा मेला की पुन्हा आलोयणा! त्यापेक्षा साड्या उन्हात झटकून, सुती कापडात बांधून, सुकवलेला कडुलिंब घालून ठेवाव्यात. ड्रायक्लीनिंगहून आलेल्या साडीला जो गोडसर वास येतो तो बऱ्याचदा परक्लोरोएथिलीनचा. प्लास्टिकची पिशवी काढून साडी दिवसभर गॅलरीत टांगावी, मगच कपाटात. नव्या प्लायवूडच्या कपाटातून फॉर्मल्डिहाइड निघतो, तो महिनोन्महिने. लहान मूल असलेल्या खोलीत असं कपाट घाईने भरू नये, दारं उघडी ठेवून वारा लागू द्यावा.

आणि दुकानात लेबल वाचा. रेयॉन, व्हिस्कोस, मोडाल या तिन्हींच्या मागे कार्बन डायसल्फाइडच असतं. लायोसेलही लाकडाचंच, पण ते वेगळ्या द्रावकात विरघळवतात आणि तो द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवतात. थोडं महाग पडतं. आपल्या कल्याणच्या दुकानात मी लायोसेलची साडी मागितली तर त्या भाऊंनी मला मऊशी व्हिस्कोस काढून दाखवली आणि म्हणाले, ताई, एकच आहे. आपल्यापैकी आणखी दहा-बारा जणींनी विचारलं तर ते मागवतीलही.