जटपुरा गेट, महात्मा गांधी मार्ग आणि चंद्रपूरची मेळाव्याची ठिकाणे

चंद्रपूर शहराच्या उत्तर वेशीवरचा जटपुरा दरवाजा आणि तिथून गांधी चौकाकडे जाणारा महात्मा गांधी मार्ग हा या शहराचा मुख्य रस्ता. साहित्य संमेलन, धम्म मेळावा, सरकारी प्रदर्शन, राजकीय सभा, समाजाचा जलसा, काहीही असो, बाहेरून आलेल्या माणसाला पहिला पत्ता "जटपुऱ्याला उतरा" असाच मिळतो. शहरातली बहुतेक मोठी मैदाने आणि सभागृहे मात्र या गेटाच्या बाहेर आहेत आणि जुनी वस्ती, बाजार गेटाच्या आत. त्यामुळे कार्यक्रम बाहेर असला तरी गर्दीचा ताण गेटावरच येतो. चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, राजुरा, गडचिरोली या भागातून कार्यक्रमासाठी येणाऱ्या आणि कार्यक्रम भरवणाऱ्या वाचकांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

शहर आणि परकोट

चंद्रपूरचे जुने नाव चांदा. १९६४ च्या सुमारास चंद्रपूर हे नाव अधिकृत झाले, पण चांदा फोर्ट रेल्वे स्टेशन, चांदा क्लब अशा नावांत जुने नाव आजही टिकून आहे. गोंड राजांची ही राजधानी. राजा खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे शहर वसवायला घेतले आणि परकोटाचे काम पुढच्या राजांच्या काळात पूर्ण झाले असे मानतात. आख्यायिका अशी की, शिकारीला गेलेल्या राजासमोर कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्याच कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. हे दोघे ज्या वाटेने गोल फिरले, त्याच वाटेवर राणीच्या सांगण्यावरून कोटाची आखणी झाली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कोट खरा आहे. सुमारे अकरा किलोमीटर घेराचा हा परकोट आजही शहराला वेढा घालून उभा आहे.

या कोटाला चार दरवाजे आहेत: उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि पूर्वेच्या अंगाला अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान वाटा: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. पश्चिमेला इरई आणि पूर्वेला झरपट अशा दोन नद्या, शहराच्या दक्षिणेला त्यांचा संगम. नद्यांच्या मधल्या जागेत शहर, शहराभोवती भिंत. म्हणजे वाढायला मोकळी बाजू उरली ती मुख्यतः उत्तरेची, जटपुऱ्याच्या बाहेरची.

१७५१ मध्ये गोंडांचे राज्य जाऊन नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून चांदा घेतले. नंतर कचेऱ्या, बंगले, क्लब हे सगळे कोटाबाहेर उभे राहिले आणि त्या भागाला सिव्हिल लाइन्स नाव पडले. कोटात बाजार आणि मोहल्ले, कोटाबाहेर सरकार आणि मैदाने ही शहराची विभागणी तेव्हापासूनची.

मुख्य रस्ता

जटपुरा गेटातून आत शिरले की सरळ पुढे गांधी चौक लागतो. इथेच महानगरपालिकेची इमारत आहे. चंद्रपूरला महानगरपालिकेचा दर्जा २०११ मध्ये मिळाला. त्या वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,२०,३७९ होती. गेट ते चौक हे अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचे. कापड, भांडी, सोने, औषधे, चपला, सगळे याच पट्ट्यात मिळते. चौकाजवळ गोल बाजार आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाची बागही याच भागात आहे. लोक तिला नुसते "आझाद बगीचा" म्हणतात.

महात्मा गांधी मार्गाला समांतर कस्तुरबा मार्ग आहे. एका रस्त्यावर सगळी वाहने मावत नाहीत म्हणून दोन्हीवर एकेरी वाहतुकीची व्यवस्था ठेवलेली आहे. नवख्या माणसाची चूक नेमकी इथे होते. गुगलच्या नकाशावर जवळ दिसणारे दुकान एकेरी रस्त्यामुळे गाडीने लांब पडते. दोन्ही रस्त्यांची उत्तरेकडची वाहने शेवटी जटपुऱ्यालाच येऊन मिळतात.

गेट रुंद का होत नाही, हा प्रश्न प्रत्येक जाममध्ये कोणीतरी विचारतोच. उत्तर कायद्यात आहे. परकोट आणि दरवाजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. भिंत फोडून रस्ता काढणे हे नगरसेवकाच्या किंवा मंत्र्याच्या एका सहीचे काम नाही. आणि ते नसलेलेच बरे. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी कोटावरची झाडेझुडपे आणि कचरा हाताने साफ केला. त्या कामाची दखल देशभर घेतली गेली. शहराने स्वतःच्या घामाने मोकळी केलेली भिंत दोन मिनिटांच्या घाईसाठी पाडायची, हा सौदा तोट्याचा आहे.

थोडक्यात, रस्ता वाढणार नाही. जे वाटून घ्यायचे ते वेळेचेच.

मेळाव्याची ठिकाणे

चांदा क्लब मैदान: सिव्हिल लाइन्स भागातले हे मैदान प्रदर्शने, सभा, महोत्सव यांसाठी वापरले जाते. उघडे मैदान असल्याने मंडप, वीज, पाणी, तात्पुरती स्वच्छतागृहे ही सगळी सोय आयोजकालाच करावी लागते.

प्रियदर्शिनी इंदिरा गांधी सांस्कृतिक सभागृह: जटपुरा गेटाबाहेरचे बंदिस्त सभागृह. नाटके, सत्कार, शैक्षणिक कार्यक्रम इथे होतात. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मैदानापेक्षा ही जागा बरी.

दीक्षाभूमी: डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. चंद्रपूरच्या सोहळ्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे मोठे परिश्रम होते. ते पुढे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. ज्या मैदानावर दीक्षा झाली, तिथे आज डॉ. आंबेडकर महाविद्यालयाचा परिसर आहे. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला इथे धम्मचक्र अनुवर्तन सोहळा होतो आणि विदर्भासह तेलंगणातूनही लोक येतात. या दोन दिवसांत शहरात दुसरा मोठा कार्यक्रम ठेवू नये, हे इथल्या आयोजकांना सांगावे लागत नाही. बाहेरच्यांनी मात्र लक्षात ठेवावे.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही चंद्रपुरात दोनदा भरले आहे. पहिले १९७९ मध्ये, अध्यक्ष वामन कृष्ण चोरघडे. दुसरे २०१२ मध्ये, ते ८५ वे, अध्यक्ष वसंत आबाजी डहाके. जंगलाच्या जिल्ह्यातले हे शहर मोठ्या गर्दीला नवखे नाही, एवढे यावरून कळते.

गर्दीचे दिवस

या रस्त्यावर वर्षभर कोणाचा ना कोणाचा हक्क असतो. गणेश विसर्जनाची मिरवणूक, ईद-ए-मिलादचा जुलूस, भीमजयंती, राजकीय मोर्चे, सगळे याच पट्ट्यातून जातात. चैत्रात महाकालीची यात्रा भरते. चैत्र शुद्ध षष्ठीपासून पौर्णिमेपर्यंत नांदेड-मराठवाड्याकडून आणि तेलंगणातून भाविक येतात आणि झरपटवर स्नान करतात. महाकाली मंदिर अंचलेश्वर दरवाजाच्या बाजूला असल्याने तेव्हा शहराच्या पूर्व भागावरही ताण असतो.

इस्लामी वर्ष चांद्र असल्याने आपले सण इंग्रजी तारखेनुसार दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात. त्यामुळे काही वर्षे ते या गर्दीच्या दिवसांवर येऊन पडतात. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा, ३१ मार्चला ईद-उल-फित्र आणि ३ एप्रिलला चैत्र षष्ठी असे लागोपाठ दिवस आले. २०२३ मध्ये तर २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी होती. तेव्हा मुंबईत भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघणारा जुना जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले, राज्यातल्या इतर अनेक शहरांतही तसेच झाले आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. मुंबई समुद्रकाठची महानगरी, चंद्रपूर जंगलाकाठचे शहर, पण अडचण एकच आणि मार्गही एकच. एक दिवस मागे घेतल्याने कोणाची शान कमी झाली नाही. उलट ज्या रस्त्यावर रोज एकमेकांच्या दुकानात जायचे, तो रस्ता दोघांचा राहिला.

पुढच्या वर्षांतही असे योग येणारच आहेत. मोहल्ल्यातल्या जिम्मेदार मंडळींनी साल सुरू होतानाच मराठी पंचांग आणि इस्लामी कॅलेंडर शेजारी ठेवून तारखा पाहाव्यात. चांद दिसण्यावर एक दिवस पुढे-मागे होतो, तेवढी जागा धरून चालावे.

कार्यक्रम घेणाऱ्यांसाठी

जागा ज्या खात्याच्या किंवा संस्थेच्या ताब्यात आहे, तिची लेखी परवानगी आधी घ्यावी. तोंडी "हो" वर मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

सभा, जुलूस किंवा मिरवणुकीसाठी संबंधित पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. अर्जात मार्ग, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे माणसे, वाहने आणि जबाबदार व्यक्तींची नावे लिहावीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधील कलम ३७ खाली काही वेळा जमावबंदीचे आदेश लागू असतात. ते आहेत का, हे अर्ज देतानाच विचारावे.

ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते.

जुलूस असेल तर स्वयंसेवकांची एक तुकडी फक्त गेटासाठी ठेवावी. ॲम्ब्युलन्स आली की बाजूला होण्याची सूचना स्टेजवरून आधीच द्यावी. गेटात अडकलेल्या ॲम्ब्युलन्सला मागे फिरायला जागा नसते. आतल्या माणसाचा धर्म कोणी विचारत नाही, आणि उशीर झाला तर तो भरूनही निघत नाही.

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारचा कार्यक्रम टाळावा. टाळता येत नसेल तर पाणी, सावली आणि म्हाताऱ्यांना बसायला जागा, एवढे तरी हवेच.

कसे यावे

नागपूर आणि वरोऱ्याकडून येणारे वरोरा नाक्यावरून सिव्हिल लाइन्सला पोहोचतात. त्यांना गेटात शिरायची गरज नाही. गडचिरोली आणि मूलकडून येणाऱ्यांनी राष्ट्रीय महामार्ग ९३० ने बंगाली कॅम्पच्या बाजूने यावे. तेही बाहेरूनच मैदानापर्यंत जाऊ शकतात. रेल्वेने येणाऱ्यांसाठी दिल्ली-चेन्नई मार्गावरचे चंद्रपूर स्टेशन आहे. गोंदिया-नागभीड मार्गाची गाडी मात्र पूर्वेकडच्या चांदा फोर्टला थांबते. तिकीट काढताना ही दोन नावे नीट वाचावीत.

पावसाळ्यात पश्चिमेची बाजू जपून वापरावी. इरईला पूर आला की बिनबा गेटाकडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०२२ मध्ये रहमतनगर भागात हेच झाले. अशा वेळी गर्दी पुन्हा जटपुऱ्याकडे वळते.

गडचिरोलीचे वेगळेपण

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. गडचिरोली शहराला परकोट नाही. तिथे इंदिरा गांधी चौकातून चंद्रपूर, आरमोरी, धानोरा आणि चामोर्शी असे चार रस्ते फुटतात. गर्दी झाली तर चार दिशांना पांगते. चंद्रपुरात ती एका दरवाजाशी येते. म्हणून गडचिरोलीच्या सवयीने चंद्रपुरात कार्यक्रमाला निघणाऱ्यांनी अर्धा तास जास्त धरावा, गाडी गेटाबाहेर उभी करावी आणि बाजारात पायी जावे. जटपुऱ्याचा दरवाजा राजाच्या हत्तींसाठी बांधला होता. आज त्यातून तीन लाखांच्या शहराला आणि त्याच्या सगळ्या पाहुण्यांना जायचे असते.