तळटीप : अ‍ॅनमोर आणि बंट्झन तलाव

मजकुरात ‘तळ्याकाठचं गाव’ असा जो उल्लेख आला आहे, ते गाव म्हणजे अ‍ॅनमोर. ते कोक्विटलामच्या वायव्येला, गाडीने थोड्याच अंतरावर आहे. वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आत. 1987 साली त्याला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यात मात्र आसपासच्या शहरांतली माणसं डबे, चटया, पोरंबाळं घेऊन इथे लोटतात.

लेखकाने तलावाला ‘रानातला’ म्हटलं आहे, तिथे थोडा खुलासा हवा. पाणी डोंगरातलंच, पण 1903 पासून व्हँकूवरला वीज पुरवण्यासाठी ते कामाला जुंपलेलं आहे. नावही वीज कंपनीचे व्यवस्थापक योहानेस बंट्झन यांचं. कोक्विटलाम तलावाचं पाणी डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यातून इथे येतं आणि पुढे खाली खाडीकाठच्या वीजघरांत पडतं. वळवण तलाव आणि खोपोलीचं वीजघर (1915) ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही रचना लगेच उमगेल.

या विजेची किंमत क्विक्वेटलेम या मूळ रहिवासी समाजाने मोजली. कोक्विटलाम नदीवर धरण झालं, समुद्रातून तलावाकडे परतणाऱ्या सॉकाय सामन माशांची वाट अडली आणि ज्या माशावर या समाजाचं जगणं उभं होतं तोच नाहीसा झाला. तो परत आणण्यासाठी हा समाज आजही झटतो आहे. तळ्याचं वर्णन वाचताना वाचकांनी हेही ध्यानात ठेवावं.
— संपादक