नाण्याची ओळख आणि नाण्याचे मोल

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात परदेशी तंत्रज्ञांची वसाहत उभी राहणार, ही वार्ता त्या काळी अपूर्व वाटली असल्यास नवल नाही. परंतु या प्रदेशाला दूरदेशीचा संबंध नवा नव्हता, याचा पुरावा त्याच सुमारास भिलाईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, महानदीच्या काठी सिरपूर येथे जमिनीतून वर येत होता. १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. बौद्ध विहार उजेडात आले, मूर्ती सापडल्या, आणि त्यांच्याबरोबर मध्यभागी चौकोनी भोक असलेले एक तांब्याचे नाणेही मिळाले. ते चीनचे होते.

त्यावरील अक्षरे ‘काई-युआन’ अशी वाचली गेली. चीनच्या तांग वंशातील एका सम्राटाच्या कारकिर्दीत इ. स. ७१३ ते ७४१ हा कालखंड याच नावाने ओळखला जातो. म्हणून पुष्कळ लेखांतून हे नाणे त्या एकोणतीस वर्षांतले म्हणून सांगितले गेले, आणि काही ठिकाणी तर ‘काई-युआन’ नावाचा राजाच निर्माण झाला! वस्तुतः ही अक्षरे तांग वंशाच्या पहिल्या सम्राटाने इ. स. ६२१ मध्ये काढलेल्या नाण्यावर प्रथम आली. त्यांचा अर्थ ‘नव्या आरंभाचे चलन’ असा काहीसा आहे, ते कोणा राजाचे नाव नव्हे. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे याच अक्षरांची नाणी ओतली जात होती. आठव्या शतकातील कालखंडाला तेच नाव मिळाले, हा केवळ योगायोग. पाठीमागे टाकसाळीच्या प्रांताचे अक्षर असेल तर ते नाणे ८४५ च्या सुमाराचे किंवा नंतरचे ठरते. तसे काही नसेल तर निव्वळ नावावरून त्याचे वर्ष सांगू नये.

नाणी जमवू लागलेल्या माणसाला याहून चांगला पहिला धडा मिळणार नाही. नाण्यावर जे लिहिलेले असते ते नाणे केव्हा पाडले हे सांगतेच असे नाही. याचे दुसरे उदाहरण तर मराठी माणसाच्या अगदी घरचे आहे. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यास बसला. त्यांच्या राज्यातले रुपये दिल्लीच्या अहमदशहा बहादूरच्या नावाने पडत. अहमदशहाची कारकीर्द १७४८ ते १७५४ एवढीच झाली. रुपये मात्र त्याच्या पश्चात कितीतरी वर्षे त्याच्याच नावाने चालले. दुर्ग-रायपूरकडच्या एखाद्या जुन्या घरात असा रुपया निघाला की फारसी वाचणारा कोणी तो दिल्लीचा ठरवतो, आणि भोसल्यांच्या इतिहासाचा एक तुकडा भलत्याच खात्यावर जमा होतो.

परदेशी नाणे ओळखायला परदेशी जावे लागत नाही. पुतळ्यांची माळ कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही? ही पुतळी म्हणजे मुळात इटलीतील व्हेनिस नगरराज्याचे सोन्याचे नाणे, डुकाट. एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला येशू, अशा या आकृती. आपल्या बायकांना त्या पुतळ्यांसारख्या दिसल्या आणि नाण्याला नाव मिळाले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ निर्भेळ. या शुद्धतेमुळेच ते अरबी समुद्र ओलांडून येत राहिले व गळ्यात जाऊन बसले. या नाण्यावर साल नसते. परंतु राज्यप्रमुखाचे नाव असते, आणि त्याच्या कारकिर्दीवरून काळ निश्चित होतो. लुदोविको मानीन हे शेवटचे नाव, कारण १७९७ मध्ये ते राज्यच बुडाले. मात्र मागणी एवढी होती की इकडच्या सोनारांनीही पुतळ्या घडवल्या. त्यांना रोमन लिपी येत नव्हती, म्हणून त्यांच्या पुतळ्यांवर अक्षरांऐवजी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. भिंग घेऊन पाहणाऱ्याला दोहोंतला भेद पाच मिनिटांत कळतो. देशी पुतळी खोटी म्हणून टाकून देणे मात्र अरसिकपणाचे होईल. तिच्यातही एका व्यापाराचा इतिहास आहे.

आणि खरोखर खोटी नाणी? त्यांना तोटा नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि रामपंचायतन एकत्र असलेला पितळी वा तांब्याचा तुकडा गावोगाव मिळतो. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. ‘तांदूळ ओढणारे’ नाणे म्हणून याच तुकड्यांच्या नावावर भोळ्या माणसांना हजारो-लाखो रुपयांना गंडवले जाते. लाल दोऱ्यात ओवून फेंगशुईच्या दुकानांत विकली जाणारी चिनी नाणीही बहुधा आजकालच्याच नकला असतात. जुने नाणे मोठ्या किमतीला विकत घेतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांविषयी तर रिझर्व्ह बँकेलाच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला.

ही फसवणूक एका समजुतीवर पोसली जाते, ती म्हणजे जुने तितके मोलाचे. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या काळातले, म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीचे तांब्याचे लहानसे नाणे काही शे रुपयांत मिळू शकते, कारण ती अगणित पाडली गेली आणि अगणित सापडतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया परवापरवाचा, पण तो इतका विरळा आहे की संग्राहक त्याला फार मोठी रक्कम मोजतात, आणि म्हणूनच इतर सालच्या रुपयांवरचा आकडा कोरून १९३९ करण्याचा उद्योगही चालतो. किती नाणी उरली, किती चांगल्या स्थितीत उरली आणि ती हवी असणारे किती, यांवर किंमत ठरते. वय या हिशेबात फार मागे उभे असते. स्थितीचा घात बहुधा मालक स्वतःच करतो. चिंच आणि राख लावून नाणे लखलखीत केले की त्याच्यावरचा शतकांचा रंग जातो, बारीक अक्षरे झिजतात, आणि जाणकार ते खाली ठेवतो.

किमतीपलीकडचे मोल मात्र नाणे कोठे आणि कशाबरोबर सापडले यात असते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. मोजली तेव्हा ती सुमारे १३,२५० भरली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आढळला. पराभूत राजाचा खजिना जेत्याच्या हाती कसा गेला, हे त्या एकत्रित साठ्याने सांगितले. तीच नाणी तेरा हजार घरांत विखुरली असती तर प्रत्येक घरात चांदीचा एक तुकडा राहिला असता. म्हणूनच जमिनीत सापडलेले द्रव्य जिल्हाधिकाऱ्यास कळवण्याची सक्ती करणारा १८७८ चा कायदा संग्राहकाने जाच मानू नये. सिरपूरचे चिनी नाणेही विहाराच्या मातीतून, नोंद होऊन निघाले म्हणून बोलते. ते कोणी आणले हे मात्र ते सांगत नाही. ह्युएनत्संग सातव्या शतकात दक्षिण कोसलात येऊन गेला होता, तेव्हा त्याच्याच झोळीतून ते पडले असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा.

भिलाईतल्या घरांतून मात्र वेगळ्याच परदेशी नाण्यांची अपेक्षा धरावी. पहिल्या भट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले, आणि त्या दिवसांत येथे वावरणाऱ्या सोव्हिएत तंत्रज्ञांच्या खिशात कोपेक असणारच. त्यावरची चार अक्षरे रोमन म्हणून वाचली तर ‘सीसीसीपी’ होतात. ती रशियन आहेत, उच्चार ‘एसएसएसआर’. राजचिन्हातील धान्याच्या ओंब्यांभोवती फितीचे वेढे असतात ते मोजावेत. १९५६ च्या नाण्यांवर ते सोळा आहेत, १९५७ च्या नाण्यावर पंधरा, कारण मधल्या काळात सोळा प्रजासत्ताकांपैकी एक कमी झाले. १९६१ च्या आरंभी जुन्या दहा रूबलांचा नवा एक रूबल झाला आणि बहुतेक जुनी नाणी बाद ठरली. एक, दोन व तीन कोपेकची नाणी तेवढी त्याच दर्शनी किमतीवर चालू राहिली, म्हणजे ज्याच्या खिशात ती होती त्याचे धन एका रात्रीत दसपट झाले. नाण्यांच्या बाजारात आज त्याच साध्या कोपेकला एखाद-दुसऱ्या चहाची किंमतही मुश्किलीने येते.