पोटफुगीचा इतिहास

आमच्या आत्याबाई मूळच्या उदगीरच्या. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात. लग्न होऊन त्या हैदराबादला काचीगुड्यात आल्या आणि मग जन्मभर तिथंच राहिल्या. देवदर्शनाशिवाय पाणी नाही, सूर्य मावळल्यावर घास नाही, कांदा-लसूण-बटाटा घरात नाही. अशा बाईचं पोट बिघडेलच कसं, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. पण त्यांचं पोट फुगायचं. जेवण झालं की त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, ‘‘गुबारा धरलाय गं. जरा ओवा आण.’’

ओवा आणला जायचा. ढेकर आली की विषय संपायचा.

मराठीत या दुखण्याला शब्द किती आहेत पाहा. पोट फुगतं, पोट डब्ब होतं, गुबारा धरतो, तडस लागते, पोटात गुडगुडतं. आमची शेजारीण खास दख्खनी थाटात म्हणायची, ‘‘क्या बी खाए तो पेट फूलरा अम्मा.’’ एवढे शब्द आहेत म्हणजे दुखणं घरोघरचं आहे. आणि घरोघरचं आहे म्हणूनच कुणी त्याच्या मुळाशी जात नाही. मी गेले, पण उशिरा. का गेले ते शेवटी सांगते. आधी या फुगलेल्या पोटाचा इतिहास सांगते, कारण त्यातला बराचसा आपल्याच मुलखात घडलेला आहे.

हैदराबादहून गुलबर्ग्याकडे जाताना सेडमच्या पुढे मळखेड लागतं. आज साधं गाव आहे. नवव्या शतकात ती राष्ट्रकूटांची राजधानी होती, मान्यखेट. तिथला राजा अमोघवर्ष, म्हणजेच नृपतुंग, जैन धर्माचा मोठा आश्रयदाता होता. त्याच काळात उग्रादित्य नावाच्या जैन आचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी औषधात मांस का नको याची स्वतंत्र चर्चा केली आहे. ती नृपतुंगाच्या सभेत झाली असं ते सांगतात. पुढे जवळजवळ अकराशे वर्षांनी, १९४० साली, हा ग्रंथ हिंदी अनुवादासह छापला गेला तो आपल्या सोलापुरात. वैद्यक म्हणजे फक्त संन्यासाच्या आड येणारी गोष्ट, असं आपल्या आचार्यांनी मानलं नाही. शरीर नीट राहिलं तरच व्रत नीट राहतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आयुर्वेदाने फुगलेल्या पोटाचे प्रकारही वेगळे केले. नुसतं ताणलेलं पोट म्हणजे आध्मान. गुडगुडणारं पोट म्हणजे आटोप. खालून-वरून काहीच सुटत नाही असं कोंडलेलं पोट म्हणजे आनाह. आणि या सगळ्यांहून वेगळा रोग म्हणजे उदर. चरकाने उदराचे आठ प्रकार दिलेत, त्यातला शेवटचा जलोदर. पोटात वारा आहे की पाणी, हे ओळखायचं कसं? पाण्याने भरलेली चामड्याची पखाल हलवल्यावर जशी थरथरते, तसं ते पोट हाताला लागतं, असं जुने वैद्य सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला हा फरक कळत होता. फक्त त्यासाठी पोटाला हात लावावा लागत होता.

हा हात बायकांच्या बाबतीत मध्येच अडला. हैदराबादसारख्या शहरात पडदा कडक. जुन्या घरांतून हकीम पडद्याआडून पुढे केलेल्या मनगटाची नाडी बघायचा आणि बाकीचं नवऱ्याला किंवा सासूला विचारायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुसीच्या काठी, नया पुलाजवळ, व्हिक्टोरिया जनाना हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हा बाईला तपासायला बाई मिळू लागली. पण तिथं जायचं ते बाळंतपणासाठी. पोट फुगलं म्हणून कोण जाणार?

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, उस्मानिया विद्यापीठाशेजारी तारनाक्याला या. इथं राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचा जन्म मात्र इथला नाही. १९१८ साली नीलगिरीत कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरने एका खोलीत बेरीबेरीवर काम सुरू केलं, ते हिचं मूळ. मॅककॅरिसनचं म्हणणं असं, की निकस अन्नाची पहिली झळ बसते ती आतड्यांना. त्याने माकडांना निकृष्ट आहार देऊन त्यांची आतडी कशी बिघडतात ते पाहिलं. १९५८ साली संस्था हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला आजचं नाव मिळालं. आपण काय खातो आणि त्याचं पोटात काय होतं, हे देशभरासाठी मोजण्याचं काम अशा रीतीने आत्याबाईंच्या घरापासून पाच-सहा किलोमीटरवर सुरू झालं.

१९७८ साली या संस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांनी डाळींमधल्या एका विशिष्ट साखरेवर निबंध प्रसिद्ध केला. साखर म्हणजे गोड साखर नव्हे. रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बॅस्कोज अशी नावं असलेल्या या साखरा हरभरा, तूर, उडीद, मूग सगळ्यांत कमी-जास्त असतात. त्या तोडायला लागणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. कुणाच्याच नाही, तुमच्याही नाही न् पैलवानाच्याही नाही. त्या न पचता तशाच मोठ्या आतड्यात जातात. तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कुणाकुणाच्या पोटात मिथेनही तयार होतो. हाच तो गुबारा. डाळ भिजवून पाणी फेकलं तर या साखरा कमी होतात, मोड आणले तर आणखी कमी होतात. नुसतं शिजवून मात्र त्या जात नाहीत. हैदराबादजवळच पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅटमध्येही हरभरा आणि तूर ही मुख्य पिकं, आणि तिथंही या साखरांची मोजणी झाली.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघराकडे नव्याने पाहिलं. आपल्याकडे अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. चातुर्मासात तर कितीतरी घरी चार महिने पालेभाजी वर्ज्य. मग पानात काय? पिठलं, बेसनाच्या वड्या, हरभऱ्याची उसळ, डाळ, पापड. म्हणजे ज्या दिवशी पोटाला विश्रांती द्यायची, त्याच दिवशी त्याला सगळ्यात जड काम. मोड काढावेत तर मोडाचं धान्य अनेक घरी चालत नाही. आणि एकाशन असेल तर दिवसभराचं सगळं एकाच बैठकीत. मी दोन महिने वहीत लिहून ठेवलं: डावीकडे काय खाल्लं, उजवीकडे पोट कसं होतं. उजवीकडच्या ‘फुगलं’ या शब्दासमोर डावीकडे बहुतेक वेळा तिथी होती.

यात धर्माचा दोष नाही. नियमाने हरभराच खा असं कुठे सांगितलंय? मूगही चालतो. चरकाने तर शेंगधान्यांत मूग सगळ्यात हितकर आणि उडीद सगळ्यात अहितकर असं स्पष्ट सांगून ठेवलंय. रात्रभर भिजवलेली, पाणी बदललेली मुगाची डाळ तिथीला करायला कुणाची आडकाठी आहे? आडकाठी आपल्या सवयीची.

उलट एका बाबतीत आपल्या पंगतीचं नशीब चांगलं. २००५ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या स्यू शेफर्ड आणि पीटर गिब्सन यांनी पोटात आंबणाऱ्या अशा सगळ्या पदार्थांना एक नाव दिलं, फॉडमॅप. त्यांच्या यादीत कांदा आणि लसूण अगदी वर आहेत. ते तर आपण आधीच सोडलेत. पण त्याच यादीत गहू आहे. आत्याबाई माहेरी ज्वारीची भाकरी खाऊन वाढल्या. सगळा मराठवाडाच ज्वारीचा. शहरात आल्यावर भाकरी मागे पडली, पोळी आली, मग पाव, बिस्किटं आणि उस्मानिया बिस्किटांची नक्कल करणारी बिनअंड्याची बिस्किटंही आली. काही जणांना तर गव्हातल्या ग्लुटेनचं खरंखुरं वावडं असतं. ते गव्हामुळे होतं हे हॉलंडच्या विलेम डिके या डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ओळखलं आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. अशा माणसाने पोट शांत करायला बेगम बाजारातून आणलेलं बांधणी हिंगही बघून घ्यावं. त्यात शुद्ध हिंग थोडं आणि डिंक व पीठच जास्त, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं.

राहिलं दूध. उपास सोडताना दूध, अशक्त वाटलं की दूध, झोप येईना की दूध. १९६०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांना दिसलं, की दुधातली साखर सगळ्या प्रौढांना पचत नाही. कुठल्या वंशातून आलात त्यावर ते अवलंबून आहे. मग जगभर मोजणी सुरू झाली. भारतीयांमधली ही उणीव मोजणारा १९७२ सालचा एक महत्त्वाचा निबंध आपल्या तारनाक्याचा, आणि त्याच्या लेखिका डॉ. विनोदिनी रेड्डी, ज्या पुढे या संस्थेच्या संचालक झाल्या. लहानपणी पचणारं दूध मोठेपणी पचेनासं होणं हा रोग नाही, बहुसंख्य माणसांची ती घडणच आहे. आणि चाचणीत एकदम पाजतात ती ५० ग्रॅम साखर म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध. त्याने पोट फुगलं म्हणून चहातलं दूध सोडायची गरज बहुतेकांना नसते. दह्यात तर ती साखर विरजणाने बरीच खाऊन टाकलेली असते.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं, संपलं कोडं. संपलं नव्हतं. स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी पोट फुगलेल्या लोकांचे स्कॅन काढले, तर अनेकांच्या पोटात वायू इतरांपेक्षा फारसा जास्त नव्हताच. त्यांचा श्वासपटल उगाच खाली सरकत होता आणि पोटाचे स्नायू सैल पडत होते. म्हणजे फुगणं खरं, दिसणारं, मोजता येणारं, पण वायूमुळे नाही. बद्धकोष्ठाने पोट फुगतं, भरभर जेवल्याने फुगतं, थायरॉइड मंदावलं तर फुगतं, पाळीच्या आधी फुगतं. एकच तक्रार, दहा कारणं. म्हणून ‘गॅसेस झालेत’ हे निदान नाही, तक्रारीचंच दुसरं नाव आहे.

आणि आता आत्याबाईंचं सांगते.

त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्या वर्षी पोट फुगणं तिथीपुरतं राहिलं नाही, रोजचं झालं. दोन घास खाल्ले की ‘‘पुरे, पोट भरलं’’ म्हणायच्या. आम्ही म्हणालो, वय झालं, भूक मंदावली. वरचेवर लघवीला उठायच्या. आम्ही म्हणालो, थंडी आहे. डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी टेबलापलीकडूनच विचारलं, गोळ्या लिहून दिल्या, हरभरा बंद करायला सांगितलं. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईला ‘आडवं व्हा, पोट बघू’ म्हणायला त्यांना संकोच वाटला असेल. आत्याबाईंनाही बरंच वाटलं, पोट दाखवावं लागलं नाही म्हणून. आणि मी, शिकलेली भाची, शेजारी बसले होते. मीही काही म्हटलं नाही.

पाच महिन्यांनी सोनोग्राफी झाली. पोटात पाणी होतं. बीजकोशाचा कॅन्सर, पसरलेला. दहा महिन्यांत त्या गेल्या.

त्या गेल्यावर कपाट आवरताना त्यांचे परकर हातात आले. नाडीवर जिथे गाठ बसते तिथे सुरकुतीची खूण राहते ना, तशा एकीपुढे एक चार खुणा होत्या. चेहरा ओढला होता, हात काड्या झाले होते, आणि गाठ मात्र पुढे पुढे सरकत होती. त्यांना ते रोज सकाळी कळत असणार. सांगायचं कुणाला?

पोट फुगलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो, हे आधी नीट ऐका. घाबरू नका. पण २०११ सालापासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांना स्पष्ट सूचना आहे, की बाईचं पोट सतत, किंवा महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा फुगत असेल, लवकर भरत असेल, ओटीपोटात दुखत असेल, लघवीची घाई होत असेल, आणि विशेषतः ती पन्नाशीच्या पुढची असेल, तर रक्ताची एक तपासणी करा आणि गरज पडली तर सोनोग्राफी. या वयात पहिल्यांदाच सुरू झालेल्या गॅसेसवर विश्वास ठेवू नका, असाही त्याचा अर्थ. वजन उतरलं, शौचातून रक्त गेलं, रात्री दुखण्याने जाग आली, तरी ओवा बाजूला ठेवा.

आता मंदिरात पूजा झाल्यावर ओट्यावर बसलेली एखादी काकी पोटावर हात ठेवून ‘‘गुबारा धरलाय’’ म्हणाली, की मी तिला चार गोष्टी विचारते. कधीपासून? रोज, की तिथीला? जेवण किती जातं? चौथा प्रश्न तिच्या कानाशी जाऊन विचारते, ‘‘काकी, नाडीची गाठ कुठे सरकलीय का?’’ बहुतेक जणी हसतात. परवा एक हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, आणि डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आधीच म्हटलं, ‘‘यांना आडवं करून पोट बघा.’’