चिनी वैद्यकातले यकृत

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले व १९४२ साली तेथेच निवर्तले. ते पाश्चात्त्य शल्यविद्येचे. चिनी वैद्य ज्याला यकृत म्हणतो, ते शवविच्छेदनात हाती लागणारे यकृत नव्हेच. राग, डोळे, कंडरा ही सारी त्याचीच प्रजा! वातपित्तकफ जाणणाऱ्या आपणांस यात नवल ते काय? लक्षणांचे समूह बांधून चिकित्सा ठरविण्याची रीतही जुनी. सुमारे १८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंगने तापाच्या दुखण्यांची सहा गटांत मांडणी केली. परंतु आज जी चौकट आम्ही प्राचीन म्हणून वाचतो, ती पक्की झाली १९५० नंतर. १९५६ साली बीजिंग, शांघाय आदी ठिकाणी सरकारी महाविद्यालये निघाली, आणि घराण्याघराण्यांतून चालत आलेल्या परस्परविरोधी मतांतून वर्गात शिकविण्याजोगे एकच पाठ्यपुस्तक करावे लागले.